मनाच्या आजाराबद्दल वाचक विचारतात: कुणाला सांगायचं, कितपत सांगायचं

मानसिक आजाराबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. ओळख पटेल असा तपशील काढून टाकला आहे. बहुतेक पत्रांत आजारापेक्षा ‘लोकांना कळलं तर’ हीच काळजी मोठी दिसते. त्या काळजीपोटी घरोघरी जे केलं जातं, त्याने आजार कसा बिघडतो, यावर उत्तरांचा भर आहे.

प्रश्न: आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर एक पस्तिशीचा मुलगा आईवडिलांबरोबर राहतो. त्याला स्किझोफ्रेनिया आहे असं कळलं. तो संध्याकाळी गच्चीवर एकटाच बोलत फेऱ्या मारतो. अजून कुणाला हात लावलेला नाही, पण इमारतीत लहान मुलं आहेत. काही सभासद म्हणतात, त्यांना फ्लॅट विकायला सांगा. काही म्हणतात, गच्चीला कुलूप लावा. सेक्रेटरी म्हणून मी काय करावं?
– एक सेक्रेटरी, पुणे

उत्तर: ‘अजून कुणाला हात लावलेला नाही’ या तुमच्या वाक्यातला ‘अजून’ काढून टाका आणि मग निर्णय घ्या. स्किझोफ्रेनिया असलेल्या बहुतेक माणसांच्या हातून आयुष्यात कधीही हिंसा होत नाही. मारहाण, फसवणूक, चोरी हे त्यांच्याच वाट्याला जास्त येतं. धोका वाढतो तो दारू-गांजा सोबत असेल, औषधं बंद पडली असतील किंवा आधी मारामारीचा इतिहास असेल तेव्हा. ‘माथेफिरूचा हल्ला’ असा मथळा छापणारी वर्तमानपत्रं आरोपीला कधी कुणी तपासलं होतं का, हे क्वचितच सांगतात. तरी आपल्या डोक्यात तोच मथळा बसतो.

तो एकटा बोलतो कारण त्याला इतरांना ऐकू न येणारे आवाज ऐकू येतात आणि तो त्यांना उत्तर देतो. औषधांनी आवाज कमी होतात, पण अनेकांचे पूर्ण जात नाहीत. अशा माणसाला मोकळ्या हवेत ठरावीक वेळी चालणं चांगलं. गच्चीला कुलूप लावलंत तर तो खोलीत कोंडला जाईल, झोप बिघडेल आणि ज्याची तुम्हाला भीती वाटते तेच जवळ येईल.

कमिटीतल्या दोघांनीच, एखाद्या साध्या दिवशी त्यांच्या घरी जा. अख्खं शिष्टमंडळ नको. तीन गोष्टी विचारा: गरज पडली तर फोन कुणाला करायचा, त्याला त्रास कशाने होतो (ड्रिलचा आवाज, गणपतीतला डीजे, मुलांचं चिडवणं), आणि त्याला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते. वॉचमनला हे स्वतः समजावून सांगा, कारण काठी हातात घेऊन पहिला पुढे जाणारा तोच असतो. मुलांना सांगायचं ते एवढंच: दादाला काही आवाज ऐकू येतात, तो त्यांच्याशी बोलतो, चिडवायचं नाही, आपलं खेळायचं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यातलं काहीही येता कामा नये, व्हिडिओ तर मुळीच नाही.

एखादा दिवस बिघडूही शकतो. दोन-तीन रात्री झोप नाही, विशिष्ट माणसाचं नाव घेऊन धमकी, हातात वस्तू, ‘आवाज मला करायला सांगतायत’ असं बोलणं, ही लक्षणं गंभीर धरा. बोलायला एकानेच जावं, समोर न ठाकता थोडं बाजूला, दोन हात अंतर ठेवून, त्याची बाहेर जायची वाट न अडवता. ‘असं काही नाहीये’ म्हणून वाद घालू नका आणि ‘हो, मलाही ऐकू येतंय’ असंही म्हणू नका. ‘तुला ऐकू येतंय, मला येत नाही. पण तू घाबरलायस हे दिसतंय. आईला बोलावू का?’ इतपत पुरे. घरच्यांना फोन करा, शस्त्र असेल तर ११२. पोलिसांनाही माहीत नसेल तर सांगा: मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १०० नुसार अशा व्यक्तीला २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यायचं असतं, कोठडीत ठेवता येत नाही. फ्लॅट विकायला लावण्याची गोष्ट सोडून द्या. त्याच कायद्याचं कलम १९ समाजात राहण्याचा हक्क देतं.

प्रश्न: मुलगा २९ वर्षांचा, स्किझोफ्रेनियाचं निदान होऊन पाच वर्षं झाली. गेली चार वर्षं गोळीवर उत्तम आहे, नोकरी करतो. आता स्थळं येताहेत. थोरले दीर म्हणतात, ‘सांगायची गरज नाही, लग्न झालं की माणूस ताळ्यावर येतो.’ माझ्या मनाला पटत नाही. पण सांगितलं तर मुलगी कोण देणार?
– एक आई, सांगली जिल्हा

उत्तर: लग्नाने हा आजार बरा होत नाही. लग्न लपवून केलं तर तो उलटण्याची शक्यता मात्र वाढते, आणि कशी ते पाहा. हळदीच्या आधल्या रात्रीपासून जागरण सुरू होतं. घर पाहुण्यांनी भरलेलं, म्हणून गोळ्यांची पट्टी कपाटात कपड्यांखाली जाते. रात्रीची गोळी दहाची एकला होते, मग एखादी राहते. मित्रांबरोबर दारूचा ग्लास होतो. लग्नानंतर जागरण-गोंधळ, म्हणजे आणखी एक रात्र. मग नवी नवरी खोलीत आली की पट्टी लपवायला जागाच नाही, म्हणून गोळी बंद. बंद केल्या केल्या काही दिवस छान वाटतं, सुस्ती जाते. त्यामुळे ‘बघ, गरजच नव्हती’ असं सगळ्यांना वाटतं. आजार काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी परततो, आणि तेव्हा नवरीकडच्यांना वाटतं की आमच्या मुलीच्या पायगुणाला बोल लावतायत. तिचा यात काहीही दोष नसतो.

कायद्याची बाजूही तुमच्या दिरांना ऐकवा. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १२ नुसार महत्त्वाची गोष्ट लपवून संमती मिळवली असेल तर लग्न रद्द करून मागता येतं. फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. कळल्यानंतरही ती राजीखुशीने नांदत राहिली तर तो आधार जातो. आधी सांगून, समजून लग्न झालं तर फसवणुकीचा मुद्दा उभाच राहत नाही. म्हणजे सांगण्यात तुमच्या मुलाचंच संरक्षण आहे. नुसत्या निदानावर घटस्फोटही मिळत नाही. १९८८ मध्ये रामनारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की स्किझोफ्रेनिया हे नाव पुरेसं नाही; आजाराची तीव्रता एवढी हवी की जोडीदाराने एकत्र राहावं अशी वाजवी अपेक्षा करता येणार नाही.

कधी सांगायचं? मध्यस्थाला नाही आणि बायोडेटावर नाही. तिथे सांगणं म्हणजे तालुकाभर दवंडी. पहिल्या भेटीतही नको. दोघांनी एकमेकांत रस दाखवला की दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत, साखरपुड्याची बोलणी सुरू व्हायच्या आधी. आणि सांगायचं मुलाने स्वतः, मुलीला एकटीला. तुम्ही सांगितलंत तर तो ‘सांभाळायचा माणूस’ ठरतो. त्याने सांगितलं तर आजार ओळखून हाताळणारा माणूस दिसतो, जो तो खरोखर आहे. त्याने साधारण असं बोलावं: ‘मला पाच वर्षांपूर्वी स्किझोफ्रेनिया झाला. तेव्हा मला लोक माझ्यावर पाळत ठेवतायत असं वाटायचं. रोज रात्री एक गोळी घेतो, चार वर्षं त्रास नाही. गोळी पुढेही लागेल. तुला हवं तर माझ्या डॉक्टरांना दोघं मिळून भेटू.’ ती भेट खरंच घडवा. मुलीला डॉक्टरांशी दहा मिनिटं एकटीने बोलू द्या.

ती मुलांबद्दल विचारेलच. कुठल्याही शंभर माणसांत साधारण एकाला हा आजार होतो. आईवडिलांपैकी एकाला असेल तर शंभरात साधारण दहांना. म्हणजे नव्वदांना होत नाही. आकडा लपवू नका, फुगवूही नका.

लग्नाआधी मुलाने डॉक्टरांना एक गोष्ट न लाजता विचारावी. काही औषधांनी, विशेषतः रिस्पेरिडोनसारख्या, लैंगिक इच्छा कमी होते. हे मनात ठेवून मुलं गुपचूप गोळी सोडतात. डोस किंवा औषध बदलता येतं, पण बदलून स्थिरावायला वेळ लागतो, म्हणून तारीख काढण्याआधी काही महिने तरी हे व्हावं. लग्नाच्या आठवड्यात गोळीची वेळ मोबाइलच्या गजराला बांधा, रात्री अकराला तो झोपलाच पाहिजे, आणि गोंधळ संध्याकाळी घालून नऊला आटपा. देवीची हरकत नसते, नातेवाइकांची असते.

मुलीच्या आईवडिलांनी हेच वाचलं असेल तर एक भर. मुलीला बायपोलर (कधी अतिउत्साहाची तेजी, कधी नैराश्य असा मनाचा आजार) किंवा फिट्ससाठी व्हॅल्प्रोएट हे औषध चालू असेल तर लग्न ठरण्याआधीच औषध बदलण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. गरोदरपणात या औषधाने साधारण दहात एका बाळाला जन्मजात व्यंग येतं आणि दहापैकी तीन-चार मुलांच्या वाढीत अडचणी दिसतात. आपल्या मनाने मात्र एकही गोळी बंद करू नका. ‘मुलगी कोण देणार’ याला प्रामाणिक उत्तर असं की नकार येतील, आणि ते बरेच येतील. लपवून आलेल्या होकारापेक्षा ते स्वस्त पडतात.

प्रश्न: बहिणीला डिप्रेशनसाठी एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम दिलंय. मेडिकलवाला म्हणाला, ‘ताई, ह्यांची सवय लागते, जन्मभर सुटत नाहीत.’ आठ दिवस झाले, फरक नाही, उलट मळमळतंय. बंद करू का?
– नाशिक

उत्तर: मेडिकलवाल्याने दोन वेगळ्या औषधांची मोट बांधली आहे. सवय लागू शकते ती क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम या गटाची. ती सुरुवातीची अस्वस्थता आणि झोप सांभाळायला साधारण दोन ते चार आठवड्यांसाठी देतात. घोटाळा होतो तो त्याच चिठ्ठीवर महिनोन्‌महिने गोळी आणत राहिल्याने. डॉक्टरांना विचारा, ‘ही कधी बंद करायची?’ आणि तारीख चिठ्ठीवर लिहून घ्या. खूप दिवस घेतली असेल तर एकदम तोडायची नाही, फिट येऊ शकते.

एस्सिटालोप्रामचं व्यसन लागत नाही. त्यासाठी जीव कासावीस होत नाही, डोस वाढवत न्यावा लागत नाही. एकदम बंद केलं तर चक्कर, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखं वाटणं असा त्रास काही दिवस होतो, म्हणून ते टप्प्याटप्प्याने कमी करतात. मळमळ, पातळ शौच, बेचैनी हे पहिल्या एक-दोन आठवड्यांचे पाहुणे. गोळी जेवणानंतर घेतली तर बरं पडतं. गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण अंदाज सहा ते आठ आठवड्यांनी. पूर्वीचं काही नसेल तर बरं वाटू लागल्यावर आणखी सहा ते नऊ महिने चालू ठेवतात. नेमकी इथेच माणसं फसतात, कारण बरं वाटलं की गोळी ही ‘वेड्याची खूण’ वाटायला लागते. बहीण पंचविशीच्या आतली असेल तर पहिले काही आठवडे तिला एकटं फार सोडू नका. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात का, हे सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत. कुठल्याही वेळी बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक मराठीतही बोलतो.

प्रश्न: चाकण एमआयडीसीत सीएनसी ऑपरेटर आहे. बायपोलरसाठी लिथियम चालू आहे, दोन वर्षं ठीक. कंपनीत कुणाला सांगितलेलं नाही. रात्रपाळी लागली की झोप जाते आणि भीती वाटते. सांगितलं तर काढतील का?

उत्तर: तुमच्या बाबतीत लपवण्याचा धोका रात्रपाळीपुरता नाही, तो कंपनीच्या फर्स्ट-एड पेटीतही आहे. पाठ दुखली म्हणून तिथून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी मिळते. या गोळ्या मूत्रपिंडातून लिथियम बाहेर पडणं कमी करतात आणि रक्तातलं प्रमाण चढतं. त्यात एप्रिल-मेचा शॉप फ्लोअर, घाम आणि कमी पाणी. हात जास्त थरथरणं, उलटी-जुलाब, चाल अडखळणं, बोलणं जड होणं ही लिथियम जास्त झाल्याची लक्षणं आहेत. अशा वेळी पुढची गोळी न घेता त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. ‘उन्हाची बाधा’ म्हणून घरी झोपून राहू नका. दुखण्याला पॅरासिटामॉल चालते. मीठ एकदम बंद करू नका, निर्जळी उपास टाळा. लिथियमची रक्ततपासणी शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी करायची असते. प्रमाण सर्वसाधारणपणे ०.६ ते १.० (मिलिमोल प्रति लिटर) च्या दरम्यान ठेवतात. मूत्रपिंड आणि थायरॉइड दर सहा महिन्यांनी.

सांगायचं तर एका माणसाला सांगा: कंपनीचे डॉक्टर. मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम २३ गोपनीयतेचं आहे. उपचार करणाऱ्यांनी तुमच्या संमतीशिवाय मालकाला आजार सांगायचा नसतो. सुपरवायझरला निदान कळायची गरजच नाही. तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांकडून प्रमाणपत्र घ्या आणि त्यात आजाराऐवजी कामाबद्दल लिहायला सांगा: ‘यंत्रावर काम करण्यास सक्षम. वैद्यकीय कारणास्तव रात्रपाळी देऊ नये. सहा महिन्यांनी फेरतपासणी.’ झोप तुटणं हे बायपोलरमध्ये तेजीचा झटका येण्याचं मोठं कारण आहे, त्यामुळे ही मागणी म्हणजे चोचले नाहीत.

काढतील का? खासगी कंपनीबाबत ‘कधीच नाही’ असं म्हणणं खोटं ठरेल. सरकारी आस्थापनेत दिव्यांग हक्क कायदा, २०१६ चं कलम २० नोकरीत असताना आलेल्या दिव्यांगत्वावरून काढायला किंवा पदावनतीला मनाई करतं, आणि मानसिक आजार त्या कायद्याच्या यादीत आहे. तुमचं ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापलं जात असेल तर आणखी एक गोष्ट माहीत असू द्या. दीर्घ आजारांच्या त्यांच्या यादीत स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर (जुन्या नावाने) आहेत. दोन वर्षांची नोकरी आणि मागच्या चार अंशदान कालखंडांत किमान १५६ दिवसांचं अंशदान असेल तर नेहमीच्या ९१ दिवसांपलीकडे, वेतनाच्या ८० टक्के दराने रजेचा लाभ मिळू शकतो. निदान चिठ्ठीवर लिहिलेलंच नसेल तर हा लाभ मागता येत नाही. ‘कागदावर नको, डॉक्टर’ म्हणताना हे लक्षात घ्या.

प्रश्न: सून २२ वर्षांची, लग्नाला दीड वर्ष. दर आठ-पंधरा दिवसांनी दातखीळ बसते, अंग ताठ होतं, मग वेगळ्याच आवाजात बोलते. गावात म्हणतात बाहेरचं आहे, अमावास्येला देवऋषीकडं न्या. घरातल्या बायका म्हणतात नाटकं करते. तालुक्याच्या डॉक्टरांनी मानसोपचाराला पाठवलंय. तिला वेडी ठरवायचं का?
– एक सासरे, धाराशिव जिल्हा

उत्तर: वेडी ठरवायचं नाही, झपाटलेली नाही आणि नाटकीही नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून दोन शक्यता आहेत: मेंदूची फिट, किंवा मनावरचा ताण शरीरातून बाहेर पडणं. दुसऱ्या प्रकारात ती हे मुद्दाम करत नसते. तिचा त्यावर ताबा नसतो. फिट बहुधा एक-दोन मिनिटांची, डोळे उघडे, जीभ कडेला चावलेली, कपड्यात लघवी, कधी झोपेतही येणारी. ताणातून येणारा झटका बहुधा लांबतो, डोळे घट्ट मिटलेले, हालचाल कमी-जास्त होत राहते. एकाच व्यक्तीला दोन्ही असू शकतात आणि मेंदूचा आलेख नॉर्मल आला म्हणून फिट नाहीच असंही होत नाही. म्हणून एकदा मोबाइलवर मिनिटभराचं चित्रण करून डॉक्टरांना दाखवा. डॉक्टरांनाच, भावकीला नाही.

झटक्यात तिला कुशीवर वळवा, गळ्याजवळचं सैल करा, घड्याळ बघा. तोंडात चमचा नको, कांदा नको, चप्पल हुंगवायची नाही, मिरचीची धुरी तर अजिबात नाही. पाच मिनिटांपेक्षा जास्त चाललं, लागोपाठ आले किंवा ती गरोदर असेल तर १०८ बोलवा. आणि एक उलटं वाटेल असं: झटक्याच्या वेळी सगळा गाव गोळा करू नका. एरवी, ती शांत असताना, तिच्याशी बोला. माहेरी शेवटची कधी गेली, मूल होण्यावरून कोण काय बोलतं, नवऱ्याशी कसं आहे, हे ती सासरच्यांसमोर सांगणार नाही. डॉक्टर तिच्याशी एकटीशी बोलू इच्छितील. तेव्हा दाराबाहेर थांबा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. उपचार म्हणजे येरवडा किंवा ठाण्याला भरती, हा समज जुना आहे. अशा आजाराला भरती क्वचितच लागते.

नवस, जत्रा, अंगारा यांना आमची हरकत नाही. मारहाण, उपाशी ठेवणं, साखळीने बांधणं, गोळी बंद करायला लावणं यांना आहे. तमिळनाडूत एरवाडी इथे ऑगस्ट २००१ मध्ये आग लागली तेव्हा साखळ्यांना बांधलेली २८ माणसं पळता न आल्याने जळून गेली. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं-मारणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, शिक्षा सहा महिने ते सात वर्षं.

प्रश्न: वडिलांना ‘शॉक’ द्यायचं म्हणतात. हे अजून चालतं?

उत्तर: चालतं, आणि जेवण-पाणी तुटलेल्या तीव्र नैराश्यात ते गोळ्यांपेक्षा लवकर जीव वाचवतं. भूल आणि स्नायू सैल करणारं इंजेक्शन देऊनच करायचं. त्याशिवाय देण्यावर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ९५ ने बंदी आहे. साधारण ६ ते १२ वेळा, आठवड्यातून दोन-तीनदा. अलीकडच्या गोष्टी विसरणं होतं, ते बहुतेकांचं काही आठवड्यांत सुधारतं. सिनेमात किंचाळणारा माणूस दाखवतात, तो सिनेमाच.

प्रश्न: आरोग्य विम्याच्या फॉर्मवर डिप्रेशन लिहू की नको?

उत्तर: लिहा. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २१ नुसार विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने संरक्षण द्यायचं आहे, आणि विमा नियामकाने ३१ ऑक्टोबर २०२२ पर्यंत सगळ्या पॉलिसी तशा करायला लावल्या. आधीच्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ लागू शकतो, आता जास्तीत जास्त ३६ महिने. लपवलंत तर मानसोपचाराचा दावा तर जाईलच, पण उद्या पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या वेळीही तेच कारण पुढे करतील. बाह्यरुग्ण तपासणी आणि समुपदेशनाची फी बहुतेक पॉलिसींत नसते, ते आधी वाचा. दावा नाकारला तर कंपनीकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल.

प्रश्न: मी ४१ वर्षांची शिक्षिका. बायपोलरमुळे दोनदा दाखल झाले होते, गेली पाच वर्षं व्यवस्थित आहे. पण मी आवाज चढवला की नवरा विचारतो, ‘गोळी घेतलीस ना?’ नवी साडी आणली तरी सासूबाईंचे डोळे विचारतात. मला रागवायचा हक्कच नाही का?

उत्तर: आहे. आणि हा प्रश्न बाहेरच्या जगापेक्षा घरातच जास्त टोचतो, कारण तिथे तो काळजीच्या आवाजात येतो. एकदा दाखल झालेल्या माणसाचा प्रत्येक राग, प्रत्येक आनंद लक्षण म्हणून वाचला जातो. घरच्यांनाही मागच्या दोन वेळची भीती असते, ती ‘विश्वास ठेवा’ म्हणून जात नाही. त्यांना मोजता येईल असं काहीतरी हातात द्यावं लागतं.

तुमच्या मागच्या दोन झटक्यांच्या आधीचे पंधरा दिवस आठवून, डॉक्टरांसोबत बसून, चार-पाच लक्षणांची यादी लिहा. तुमची, पुस्तकातली नाही. उदाहरणार्थ: सलग दोन रात्री पाच तासांपेक्षा कमी झोप आणि तरीही थकवा नाही, तुम्हीच ठरवलेल्या रकमेपेक्षा जास्त खर्च एका दिवसात, मध्यरात्रीनंतर लोकांना फोन, एकदम तीन नवे उपक्रम. यादीबाहेरचा राग हा राग धरायचा आणि त्याचं कारण विचारायचं. यादीतलं काही दिसलं तर विचारायचा अधिकार एकाच व्यक्तीला, तोही शांतपणे. ‘काल किती वाजता झोपलीस?’ हा प्रश्न ‘गोळी घेतलीस का?’पेक्षा उपयोगी असतो. गोळ्यांसाठी सात कप्प्यांची डबी जेवणाच्या टेबलावर ठेवा. मंगळवारचा कप्पा रिकामा दिसला की कुणाला विचारावं लागत नाही. सात दिवसांतून एकदा, रविवारी चहाला, दहा मिनिटं या विषयावर बोला. उरलेल्या दिवशी विषय बंद.

शिवाय मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मिळालेली दोन कागदपत्रं करून ठेवा. कलम १४ नुसार तुमचा नामनिर्देशित प्रतिनिधी (आजारपणात तुमच्या बाजूने उभा राहणारा माणूस) तुम्हीच निवडू शकता: साध्या कागदावर लिहून सही करायची, मुद्रांक लागत नाही. तो नवराच असला पाहिजे असं नाही, बहीण किंवा मैत्रीणही चालेल. सज्ञान हवी आणि तिची लेखी तयारी हवी. कलम ५ नुसार आगाऊ निर्देश देता येतात: पुन्हा आजारी पडले तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत. दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. एक प्रत डॉक्टरांच्या फाइलमध्ये, एक प्रतिनिधीकडे, एक तुमच्याकडे. तातडीच्या उपचारांना हे निर्देश लागू होत नाहीत, हे माहीत असू द्या. नव्या साडीला यादीत जागा द्यायची का, ते तुम्ही ठरवा. आमच्या मते देऊ नये.